कॅम्पस पोलिसांचं दप्तर: काय, किती काळ आणि कुणासाठी ठेवायचं

प्रश्न: कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी विद्यापीठाच्या पोलीस विभागात रेकॉर्ड्स सुपरवायझर म्हणून नुकतीच रुजू झाले आहे. तळघरात १९९० च्या दशकापासूनची खोकी आहेत, रेकॉर्डची संगणक प्रणाली (आरएमएस) दोनदा बदललेली आहे, बॉडी कॅमेऱ्याचं फुटेज वेगळ्याच क्लाउडवर आहे. कोणती नोंद किती काळ ठेवायची, कुणाला द्यायची आणि केव्हा नष्ट करायची, याचं एखादं तयार कोष्टक मिळेल का?

उत्तर:

तयार कोष्टक मिळणार नाही, आणि कुणी दिलंच तर ते जसंच्या तसं लावू नका. वसतिगृहातल्या एका घरफोडीचा रिपोर्ट घ्या. त्यातला गुन्हा क्लेरी कायद्याखाली (कॅम्पसवरचे गुन्हे जाहीर करायला लावणारा केंद्रीय कायदा) मोजला जातो. त्याची प्रत विद्यार्थ्यांची शिस्त पाहणाऱ्या डीनच्या ऑफिसात गेली की तिथे तिला फर्पा, म्हणजे शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा, लागू होतो. संशयिताची पार्श्वभूमी तपासताना आलेल्या माहितीवर एफबीआयचं सीजेआयएस (फौजदारी न्यायविषयक माहितीचं) सुरक्षा धोरण चालतं. मूळ रिपोर्ट किती वर्षं ठेवायचा आणि मागणाऱ्याला द्यायचा की नाही, हे राज्याचा कायदा आणि विद्यापीठाचं रिटेन्शन शेड्यूल (नोंदी किती काळ ठेवायच्या याचं कोष्टक) ठरवतं. कागद एकच आणि त्याला धनी चार. म्हणून हातात आलेल्या नोंदीवर कोणाकोणाचा अंमल आहे, हे आधी ठरवायचं. मुदत, कुलूप आणि नाश हे त्यानंतरचे प्रश्न आहेत.

भारतात विद्यापीठाच्या सुरक्षारक्षकांना पोलिसांचे अधिकार नसतात, गुन्हा गावच्या ठाण्यातच नोंदवला जातो, त्यामुळे तिथे हा गुंता फारसा होत नाही. कॅलिफोर्नियात यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या दोन्ही सरकारी विद्यापीठ-व्यवस्थांचे पोलीस अधिकारी दंडसंहितेच्या कलम ८३०.२ नुसार पूर्ण शपथबद्ध पोलीस आहेत. विभाग पोलीस ठाणं आणि विद्यापीठाचं खातं अशी दोन्ही कामं करतो, आणि दप्तरातला जवळजवळ प्रत्येक घोळ या दुहेरीपणातून होतो.

पहिल्या दिवसाचं काम सोपं आहे. नाश पूर्ण थांबवा. आरएमएस, फुटेजचा क्लाउड, डिस्पॅचचं (कॉल घेऊन अधिकारी पाठवणाऱ्या कक्षाचं) ध्वनिमुद्रण, ईमेल, जिथे जिथे आपोआप पुसण्याची सेटिंग असेल तिथे ती कितीवर आहे हे लिहून काढा. ती कुणी आणि का ठेवली, हे बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसतं.

क्लेरी: दोन दिवसांचं आणि सात वर्षांचं घड्याळ

जीन क्लेरी ही पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाची विद्यार्थिनी. ५ एप्रिल १९८६ रोजी वसतिगृहातल्या तिच्या खोलीत तिचा खून झाला. तिच्या आईवडिलांच्या पाठपुराव्यातून १९९० मध्ये हा कायदा झाला. सरकारी विद्यार्थी-अर्थसाहाय्याच्या योजनांत सहभागी असलेल्या प्रत्येक संस्थेला तो लागू आहे.

तुमच्या टेबलाशी त्याचा रोजचा संबंध म्हणजे दैनिक गुन्हे नोंदवही. विभागाकडे आलेला प्रत्येक गुन्हा कामकाजाच्या दोन दिवसांत तिच्यात चढला पाहिजे: स्वरूप, घडल्याची तारीख-वेळ, तक्रारीची तारीख, साधारण ठिकाण आणि निकाल. कामकाजाचा दिवस म्हणजे सोमवार ते शुक्रवार, संस्था बंद असलेले दिवस वगळून. क्लेरीच्या वार्षिक आकडेवारीत ठरावीकच गुन्हे मोजतात, पण नोंदवहीत सगळे गुन्हे येतात. सायकलचोरी वार्षिक आकड्यांत नाही म्हणून ती नोंदवहीतूनही गाळली जाते, ही नेहमी आढळणारी चूक आहे.

शेवटच्या ६० दिवसांची नोंदवही कार्यालयीन वेळेत कुणालाही मागताक्षणी दाखवायची, मग तो विद्यार्थी असो, पत्रकार असो की रस्त्यावरचा माणूस. त्याआधीचा भाग मागितल्यास कामकाजाच्या दोन दिवसांत. काउंटरवरच्या माणसाने "आधी माहिती-अर्ज भरा" म्हटलं की तिथेच नियमभंग झाला. निकाल बदलला तर तोही दोन दिवसांत दुरुस्त करायचा. नोंद ६० दिवसांपेक्षा जुनी झाली की ती सक्ती संपते.

एखादी माहिती रोखता येते, पण कारणं मोजकी आहेत: कायद्याने मनाई असणं, पीडिताची ओळख उघड होणं, किंवा चालू तपासाला वा कुणाच्या जिवाला धोका, संशयित पळून जाणं, पुरावा नष्ट होणं यांचा स्पष्ट आधार असणं. धोका टळला की रोखलेला तपशील लगेच उघड करायचा. इथेच विभाग अडकतात. तपास अधिकारी तोंडी सांगतो, "एवढं राहू दे", आणि नोंद वर्षभर झाकलेली राहते. रोखलेल्या प्रत्येक नोंदीला लेखी कारण, मंजूर करणाऱ्याचं नाव आणि फेरतपासणीची तारीख हवी. १४ दिवसांची तारीख घालावी, पटलं तर पुढची घालावी.

तपासात गुन्हा घडलाच नाही असं निष्पन्न झालं तरी नोंद पुसायची नाही. निकालाच्या रकान्यात 'निराधार' लिहायचं. तसं ठरवण्याचा अधिकारही फक्त शपथबद्ध अधिकाऱ्याचा. क्लेरीचं काम बघणाऱ्या समन्वयकाचा नाही, डीनचा नाही, तुमचाही नाही. ठिकाण लिहिताना खोली क्रमांक टाळा. लैंगिक गुन्ह्यात इमारत आणि खोली एकत्र आली की नाव छापल्यासारखंच होतं.

आता मुदत. आकडेवारीला आधार देणारी कागदपत्रं ज्या शेवटच्या वार्षिक सुरक्षा अहवालात ती आकडेवारी येते, त्याच्या प्रकाशनानंतर तीन वर्षं ठेवायची. अहवाल दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत निघतो आणि त्यात मागच्या तीन कॅलेंडर वर्षांचे आकडे असतात. म्हणजे २०२१ चा गुन्हा २०२२, २०२३ आणि २०२४ च्या अहवालांत येतो. शेवटचा १ ऑक्टोबर २०२४ चा. त्यात तीन मिळवा, १ ऑक्टोबर २०२७. घटनेचं वर्ष धरून २०२१ ते २०२७; व्यवहारात सात वर्षं धरतात ती अशी. "तीन वर्षं ठेवा" एवढंच कुणी सांगितलं आणि घड्याळ घटनेच्या दिवसापासून लावलं, तर शेवटचा अहवाल निघतो न निघतो तोच आधाराचे कागद फाडले जातात.

आधाराचे कागद म्हणजे फक्त गुन्ह्यांचे रिपोर्ट नव्हेत. नोंदवहीच्या प्रती, अटकेच्या आणि शिस्तभंगासाठी पाठवलेल्या प्रकरणांच्या नोंदी, तातडीचे इशारे आणि ते न काढण्याची कारणं, स्थानिक पोलिसांना आकडे मागणारी पत्रं आणि त्यांची उत्तरं (उत्तर आलं नाही तर निदान पाठवल्याचा पुरावा), कॅम्पस सुरक्षा प्राधिकारी म्हणून नेमलेल्या प्राध्यापक-वॉर्डनांचे फॉर्म, अहवाल उपलब्ध असल्याच्या सूचना. हे सगळं वेगवेगळ्या लोकांच्या इनबॉक्समध्ये पडलेलं असतं आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्या खात्याबरोबर जातं. म्हणून दर कॅलेंडर वर्षाचं एक फोल्डर करा आणि नाशाची तारीख फोल्डरच्या नावातच लिहा.

डिसेंबर २०२४ मधल्या दुरुस्तीने रॅगिंगसारख्या छळाचे, म्हणजे तिथल्या भाषेत हेझिंगचे, आकडेही वार्षिक अहवालात आणले. १ जानेवारी २०२५ पासूनच्या घटना मोजायच्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारी पोलिसांकडे न येता विद्यार्थी-संघटनांच्या कार्यालयात जातात. ते फोल्डर आत्ताच उघडा. हलगर्जीची किंमत मोठी असते. लिबर्टी विद्यापीठाला मार्च २०२४ मध्ये १.४ कोटी डॉलर भरावे लागले, तेव्हापर्यंतचा क्लेरीखालचा सर्वांत मोठा दंड.

एनआयबीआरएस (एफबीआयची घटनानिहाय गुन्हे-आकडेवारीची पद्धत) आणि क्लेरी यांचे आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. एफबीआयने २०२१ मध्ये एनआयबीआरएस ही राष्ट्रीय पद्धत केली आणि त्यात एका घटनेतले सगळे गुन्हे मोजतात. क्लेरीत काही अपवाद सोडले तर सर्वांत गंभीर तेवढाच एक. फरक असणारच. तो कुठून आला हे दाखवणारं दोन पानी ताळमेळपत्रक दरवर्षी फाइलला लावलं की लेखापरीक्षकाचा अर्धा वेळ वाचतो.

फर्पा: प्रत हलली की कायदा बदलतो

विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी गुप्त ठेवणारा हा १९७४ चा कायदा. कॅम्पस पोलिसांच्या नोंदी शैक्षणिक नोंदी नाहीत, हे १९९२ मध्ये स्पष्ट झालं. अटी तीन: नोंद पोलीस विभागाने तयार केलेली हवी, कायदा-अंमलबजावणीच्या हेतूने केलेली हवी, आणि विभागाकडेच ठेवलेली हवी. तिन्ही एकत्र.

रिपोर्टची प्रत डीनकडे गेली की डीनकडची प्रत शैक्षणिक नोंद होते. तुमच्याकडची मूळ नोंद मात्र पोलीस नोंदच राहते. पत्रकाराने डीनकडे मागितली तर फर्पा आड येतो, तुमच्याकडे मागितली तर येत नाही. तिथे राज्याचा माहिती कायदा बोलतो. "विद्यार्थ्याचं नाव आहे, फर्पामुळे देता येत नाही" हे काउंटरवरचं पाठ उत्तर म्हणूनच चुकीचं आहे.

उलट बाजू जास्त निसरडी आहे. डिस्पॅचरने विद्यार्थी माहिती प्रणाली उघडून एखाद्याचं वेळापत्रक पाहिलं आणि अधिकाऱ्याने ते रिपोर्टात उतरवलं, तर ती माहिती पोलिसांच्या हातात आली म्हणून शैक्षणिक असण्याचं थांबत नाही. रिपोर्ट देताना तेवढा भाग झाकावा लागतो. पण तो कोणता हे तीन वर्षांनी कोण सांगणार? अधिकाऱ्यांना सवय लावा: अशी माहिती मुख्य कथनात मिसळायची नाही, वेगळ्या पुरवणीत लिहायची आणि वर स्रोत टाकायचा.

फक्त शिस्तभंगाच्या कारवाईसाठी तयार केलेले कागद पोलिसांनी लिहिले तरी पोलीस नोंद होत नाहीत. वसतिगृहातल्या दारूबंदीचे ढीगभर अर्ज याच गटातले. त्यांची जागा आरएमएसमध्ये नाही.

मुदती: 'किती' आणि 'केव्हापासून'

महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयात फाइल बंद झाली की तिला अ, ब, क, ड वर्ग देऊन अभिलेख कक्षात पाठवतात. इथे वर्ग आहेत, पण घड्याळ सुरू होण्याचा क्षण दर मालिकेला वेगळा: घटना, अटक, प्रकरणाचा अंतिम निकाल, अहवालाचं प्रकाशन, अधिकाऱ्याची नोकरी संपणं. तुमच्या शेड्यूलमध्ये दर ओळीला मालिकेचं नाव, घड्याळ सुरू करणारी घटना, किमान मुदत, आधाराचा कायदा, जबाबदार कार्यालय आणि नोंद प्रत्यक्ष कुठे आहे, हे सहा रकाने हवेत. यूसी आणि सीएसयू यांची स्वतःची शेड्यूल आहेत. तुमचं कोष्टक त्यांच्या वर बसवा, त्यांच्या ऐवजी नव्हे.

बॉडी कॅमेऱ्याबाबत कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेचं कलम ८३२.१८ पुरावामूल्य नसलेल्या फुटेजसाठी किमान ६० दिवस सुचवतं. बळाचा वापर, ताब्यात घेणं, अटक किंवा तक्रार यांच्याशी संबंधित फुटेजसाठी किमान दोन वर्षं. फुटेज कुणी पाहिलं आणि कुणी पुसलं याचे लॉग कायम. ६० दिवसांवर थांबू नये. सीएसयूसारख्या सरकारी संस्थेविरुद्ध इजेचा दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत असते (यूसी या अटीतून मोकळी आहे), आणि नागरी हक्कभंगाच्या केंद्रीय दाव्याला कॅलिफोर्नियात दोन वर्षं. दावा येतो तेव्हा फुटेज गेलेलं असेल तर कोर्टात तुमच्या प्रामाणिकपणाचीच उलटतपासणी होते.

इथे बिघाड बहुतेक टॅगमध्ये असतो. अधिकारी शिफ्ट संपवून घरी जातो, क्लिपला वर्ग लावत नाही, प्रणाली तिला सर्वांत कमी मुदतीच्या गटात टाकते आणि एकसष्टाव्या दिवशी ती गायब होते. उपाय दोन. बिनटॅग क्लिप कधीच आपोआप पुसली जाणार नाही अशी सेटिंग करा, आणि कॅडमधल्या (डिस्पॅचच्या संगणक प्रणालीतल्या) कॉल क्रमांकावरून टॅग आपोआप चढेल अशी जोडणी पुरवठादाराकडून करून घ्या. तरी उरलेल्यांची यादी दर सोमवारी सार्जंटच्या टेबलावर.

अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार सिद्ध झाली नसेल तर किमान पाच वर्षं, सिद्ध झाली असेल तर किमान १५. हा २०२१ च्या एसबी १६ कायद्यातला बदल आहे. जुन्या धोरणपुस्तिकेत सरसकट पाच लिहिलेलं असेल तर ते पान आजच बदला. माहितीची मागणी प्रलंबित असताना असा कागद नष्ट करता येत नाही.

लैंगिक अत्याचाराच्या न उलगडलेल्या प्रकरणातला वैद्यकीय पुरावा-संच किमान २० वर्षं, पीडित तेव्हा १८ खालची असेल तर तिच्या चाळिसाव्या वाढदिवसापर्यंत. नष्ट करण्याआधी ६० दिवस तिला लेखी कळवायचं. हा पुरावा विभागाचा नियम आहे, पण रेकॉर्ड्सला बांधतो: वस्तू कपाटात असेतोवर तिचा रिपोर्ट नष्ट होता कामा नये. रिपोर्ट गेला की ती पिशवी कुणाची, का जप्त झाली, हे सांगणारा कागद उरत नाही आणि पुरावा निरुपयोगी होतो. टायटल नाइनच्या (शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या केंद्रीय कायद्याच्या) फाइली केंद्रीय नियमाने सात वर्षं, पण त्या टायटल नाइन कार्यालयाच्या. तुमच्याकडे फक्त पोलीस भाग.

डिस्पॅचच्या फोन-रेडिओ ध्वनिमुद्रणाला शहर पोलिसांसाठी राज्याने किमान १०० दिवस घातले आहेत. विद्यापीठाच्या शेड्यूलमधला आकडा त्याहून कमी असेल तर निदान तेवढा करून घ्या.

न्यायालयीन आदेशाने सीलबंद झालेल्या नोंदींचे प्रकार एकमेकांत मिसळू देऊ नका. कलम ८५१.८ नुसार व्यक्ती वस्तुतः निर्दोष ठरली तर अटकेच्या तारखेपासून तीन वर्षं सील आणि मग नाश. कलम ८५१.९१ च्या आदेशात नाश नाही. नोंदीवर अटक सीलबंद असल्याचा आणि फौजदारी न्याययंत्रणेबाहेर ती न देण्याचा शिक्का मारायचा, बस. अल्पवयीन मुलांच्या आदेशात नाशाची तारीख न्यायालयच लिहितं. उन्हाळी शिबिरांमुळे कॅम्पसवर अशी प्रकरणं वाटतात त्यापेक्षा जास्त निघतात; त्यांचं कपाट आणि आरएमएसमधला गट वेगळाच हवा. आदेश आला की मूळ रिपोर्टबरोबर नावांची अनुक्रमणिका, अटकेनंतरच्या नोंदणीचा (बुकिंगचा) फोटो, नोंदवहीची छापील प्रत, क्लेरी समन्वयकाची एक्सेल आणि सार्जंटच्या संगणकावरची पीडीएफ हे सगळं शोधावं लागतं. शेवटच्या दोन जागा हमखास राहतात.

सुरक्षा: कुलूप कुणाच्या किल्लीचं

एनसीआयसी (एफबीआयचा राष्ट्रीय गुन्हे-माहितीसाठा) किंवा राज्याच्या क्लेट्स या पोलीस माहिती-जाळ्यातून आलेली माहिती सीजेआयएस धोरणाखाली येते. ती विनाएन्क्रिप्शन, कुणाच्या सोबतीशिवाय पाहू शकणाऱ्या प्रत्येकाची बोटांच्या ठशांवरून पार्श्वभूमी तपासणी हवी, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या भाषेत लाइव्ह स्कॅन. प्रवेशाआधी आणि मग दरवर्षी प्रशिक्षण. १ ऑक्टोबर २०२४ पासून दुहेरी ओळख-पडताळणी न ठेवणं हा तपासणीतला दोष धरतात.

कॅम्पसवर हे मोडतं ते विद्यापीठाच्या आयटी विभागामुळे. सर्व्हर त्यांचा, ॲडमिन खाती त्यांची, बॅकअप त्यांचा. ज्याच्याकडे डोमेन ॲडमिन खातं आहे तो तुमचं सगळं दप्तर वाचू शकतो, तुम्ही आरएमएसमध्ये कितीही भूमिका पाडल्या तरी. त्यामुळे आयटी विभागाशी लेखी व्यवस्थापन-नियंत्रण करार हवा आणि त्या मोजक्या ॲडमिनांची ठशांची तपासणी हवी. खासगी पुरवठादार असेल तर एफबीआयची सुरक्षा-पुरवणी त्याच्या माणसांनी सही केलेली हवी. रात्रीचा बॅकअप सामायिक ड्राइव्हवरून कुठे जातो हे विचारा. बऱ्याचदा तो सगळ्या विद्यापीठाच्या क्लाउड बॅकअपमध्ये उघडाच जात असतो. माहिती एकीकडून दुसरीकडे जाताना फिप्स १४० (केंद्र सरकारचं एन्क्रिप्शनचं मानक) प्रमाणित एन्क्रिप्शन हवं. १४०-२ ची प्रमाणपत्रं २१ सप्टेंबर २०२६ रोजी जुन्या यादीत जातात, तेव्हा नवा करार १४०-३ चाच करा.

विद्यार्थी-कर्मचारी हा दुसरा कच्चा दुवा. एस्कॉर्ट सेवा (कॅम्पसवर चालताना सोबत देणं), पार्किंग, फोन यांसाठी ते ठीक. पण त्यांना आरएमएसचं लॉगिन म्हणजे वर्गमित्राच्या तक्रारीचं लॉगिन. देऊ नये. क्लेरी समन्वयकाला सगळं वाचता यावं, पण काहीच बदलता येऊ नये. वर्गीकरण पटलं नाही तर त्याने लेखी टिपण पाठवावं आणि अधिकाऱ्याने पुरवणी लिहावी. मंजूर झालेला रिपोर्ट कुणीही उघडून दुरुस्त करता कामा नये, प्रमुखांनीसुद्धा नाही.

गुन्हेगारी इतिहासाची छापील प्रत केस फाइलमध्ये ठेवू नका. काम झालं की नष्ट करा आणि पुन्हा लागला तर नवा काढा. बाहेरच्या अधिकृत संस्थेला दिला तर कुणाला, केव्हा, कशासाठी याची नोंद ठेवा. एनसीआयसीत घातलेल्या चोरीच्या वा वॉरंटच्या नोंदींची ६० ते ९० दिवसांत आणि पुढे दरवर्षी मूळ रिपोर्टशी पडताळणी करावी लागते. मूळ रिपोर्ट सापडला नाही तर नोंद काढावी लागते.

पार्किंगचे नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे कुणाचे, हे वेगळं तपासा. ते पार्किंग विभागाचे असले तरी पोलीस शोध घेत असतील तर वापराचं आणि गोपनीयतेचं जाहीर धोरण राज्याच्या कायद्याने लागतं, आणि राज्याबाहेरच्या संस्थांना तो डेटा देण्याला मनाई आहे, अशी कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलची भूमिका आहे. भाड्याची कॉपी मशीन परत जाताना तिची हार्ड डिस्क काढून घ्या. प्रत्येक स्कॅन तिच्यावर असतो.

मागणी आली की

कॅलिफोर्नियाच्या माहिती कायद्यानुसार मागणीवर १० दिवसांत निर्णय कळवायचा, विशिष्ट कारणांनी आणखी १४ मिळतात. तपासाच्या फाइली रोखता येतात, पण अटकेची आणि तक्रारीची मूलभूत माहिती द्यावी लागते. त्याहून घाईचं काम पीडितांचं आहे. घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार, पाठलाग अशा प्रकरणांत पीडिताला रिपोर्टचं पहिलं पान ४८ तासांत आणि पूर्ण रिपोर्ट कामकाजाच्या पाच दिवसांत, फुकट द्यायचा असतो. सबळ कारण असेल तरच थोडी वाढ. हा अर्ज सामान्य रांगेत टाकला की मुदत हुकलीच.

झाकताना पीडीएफवर काळा चौकोन काढून पाठवू नका. खालचा मजकूर कॉपी होतो. झाकलेली प्रत चित्ररूपात काढा, फाइलमागची लपलेली माहिती (मेटाडेटा) पुसा आणि पाठवलेली नेमकी प्रत मागणीच्या क्रमांकाखाली ठेवा. खासगी विद्यापीठांचं गणित राज्यागणिक वेगळं आहे. २०१५ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑटरबाइन विद्यापीठाच्या पोलीस नोंदी सार्वजनिक ठरवल्या, तर २०१६ मध्ये इंडियानाच्या न्यायालयाने नोटर डेमच्या बाबतीत नेमका उलटा निकाल दिला.

तळघर, जुनी प्रणाली आणि नाश

खोकी उघडण्याआधी मोजा. एक प्रमाणित खोकं म्हणजे एक घनफूट. जमिनीपासून चार इंच वर आणि स्प्रिंकलरच्या खाली किमान १८ इंच मोकळे ठेवून रचा. बहुतेक तळघरांत आगीपेक्षा फुटलेला पाइप जास्त नासधूस करतो. थर्मल कागदावरच्या पावत्या, जुनी चलनं, श्वासचाचणीच्या पट्ट्या आधी स्कॅन करा, त्या काही वर्षांत कोऱ्या होतात. अग्निरोधक कपाट कागदासाठी वेगळं आणि टेप-डिस्कसाठी वेगळं असतं. कागदाचं कपाट आत ३५० अंश फॅरनहाइटपर्यंत तापमान रोखतं, त्यात ठेवलेली हार्ड डिस्क वाचत नाही. तिला १२५ चा वर्ग लागतो.

स्कॅन ३०० डीपीआय, पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपणुकीचं पीडीएफ), छायाचित्रं रंगीत. दर खोक्यामागे पानसंख्या जुळवा. मूळ कागद नष्ट करायचा असेल तर डिजिटल प्रत राज्याच्या विश्वसनीय प्रणालीच्या निकषांत बसते की नाही, हे विद्यापीठाच्या वकिलांकडून लेखी घ्या.

दोनदा बदललेल्या आरएमएसमध्ये तीन गोष्टी हरवलेल्या असतात: जोडपत्रं, ठरावीक अक्षरांनंतर तुटलेली कथनं आणि पुरवण्यांचा क्रम. दर वर्षातले निदान २५ रिपोर्ट जुन्या छापील प्रतीशी शब्दशः ताडा. केस क्रमांकांच्या मालिकेतल्या प्रत्येक खाडाखोडीला आणि रिकाम्या क्रमांकाला लेखी स्पष्टीकरण हवं. नव्या करारात डेटा विद्यापीठाचा आहे आणि करार संपताना तो वाचता येईल अशा रूपात परत मिळेल, हे वाक्य आधी घालून घ्या. जुन्या प्रणालीची फक्त-वाचनाची प्रत तिच्यातल्या शेवटच्या नोंदीची मुदत संपेतोवर ठेवा.

नाशाची फेरी वर्षातून एकदाच, १ ऑक्टोबर उलटल्यावर. मुदत संपलेल्या खोक्यांची यादी काढा आणि सहा ठिकाणी ताडा: दावा किंवा दाव्याची नोटीस, प्रलंबित माहिती-मागणी, क्लेरी तपासणी, पुरावा कपाटात शिल्लक वस्तू, जिवंत वॉरंट, आणि सरकारी वकिलाने अधिकाऱ्याच्या विश्वासार्हतेसंबंधी राखून ठेवायला सांगितलेले कागद. खून आणि बेपत्ता व्यक्तींची प्रकरणं यादीत येऊच नयेत. मग प्रमुख, तुम्ही आणि विद्यापीठाचे वकील अशा तीन सह्या.

कागद क्रॉस-कट श्रेडरने किंवा जाळून, अधिकृत माणसासमोर. चुंबकीय डिस्क तीनदा ओव्हरराइट किंवा डीगॉस (तीव्र चुंबकाने पुसणं). एसएसडीवर ओव्हरराइटचा भरवसा धरता येत नाही, ती तुकडे करूनच. प्रमाणपत्रात मालिका, तारखांचा पल्ला, घनफूट, पद्धत, दिवस आणि साक्षीदार लिहा, पण कुणा व्यक्तीचं नाव किंवा केसमधला तपशील नको, नाहीतर नष्ट केलेलीच माहिती कायमच्या फाइलमध्ये परत येते. कागद गेल्यावर त्याच यादीने आरएमएस, स्कॅनचं फोल्डर आणि सामायिक ड्राइव्ह साफ करा. बॅकअपमधून त्या नोंदी नेमक्या कोणत्या तारखेला बाहेर पडतील हे आयटीकडून लिहून घ्या आणि प्रमाणपत्राला जोडा. तोवर नाश पूर्ण झाला असं कुठेही लिहू नका.